ओरड

अंगठा चालला नाही. एकदा टेकवला तर फोन हातात बारीकसा थरथरला आणि पडद्यावरचं कुलूप जागच्या जागी राहिलं. तिने अंगठा टॉवेलला पुसला, पुन्हा टेकवला. पुन्हा तीच थरथर, कुणी नाही म्हणून मान हलवावी तशी. बाथरूममध्ये शॉवर चालू होता. लेकीचा आज केस धुवायचा दिवस, म्हणजे घाई नव्हती. तिने अंगठा जरा तिरका करून पाहिला, मग उभा, मग नुसतं टोक. शेवटी फोनने सरळ आकडे मागितले, आणि आकडे तिला ठाऊक नव्हते. तिने फोन चार्जरच्या वायरीसकट जेवणाच्या टेबलावर परत ठेवला. पण उचलला तेव्हा तो पालथा होता की उताणा हे तिला काही केल्या आठवेना. पालथा ठेवला. मग वाटलं, उताणाच असणार, चार्ज किती झाला हे बघायला कार्टी तो उताणाच ठेवते. उताणा केला. शॉवर बंद झाला तशी ती दोन ढांगांत गॅसपाशी पोचली आणि रिकाम्या पातेल्यात डाव फिरवू लागली.

"आई, माझी निळी फाइल?" लेक केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली, टेबलापाशी थांबली, फोन उचलला. तिने पाठमोरं राहून कान टवकारले. काही नाही. लेकीने पडद्याकडे बघितलं की तिच्याकडे, हे पाठीला कसं कळणार? "दारामागे बघ, पिशवीत," ती म्हणाली, आणि आपला आवाज जरा जास्तच गोड लागला असं तिला वाटलं. "हं," लेक म्हणाली. हल्ली घरात तिच्या वाट्याला येणारे शब्द ते एवढेच. हं, बघू, माहीत नाही. या तीन शब्दांवर आपली सतरा वर्षांची मुलगी घरातला सगळा संसार रेटते आहे याचं तिला कधी हसू यायचं, कधी रडू. आज दोन्ही आलं नाही. आज तिच्या मनात एकच वाक्य घुमत होतं: हिने माझा अंगठा काढून टाकला.

आणि पेच असा, की विचारायची सोय नव्हती. माझा अंगठा तुझ्या फोनवर का चालत नाही, असं तोंडातून काढायचा अवकाश, तू तो लावून कशाला बघत होतीस हा प्रश्न पाठोपाठ हजर. जिना उतरताना, कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याचं शटर अर्धं वर गेलेलं बघताना, बसमध्ये दांडीला लोंबकळताना ती तो प्रश्न वेगवेगळ्या वेशांत विचारून बघत होती. सहज म्हणून. हसत. काळजीच्या सुरात. प्रत्येक वेशातून तो ओळखू येत होता. अंगठा तिथे गेला ती गोष्ट खरं तर अगदी साधी. लेकीला पहिला फोन घेतला तेव्हा ती शाळेच्या वरच्या वर्गात नुकतीच गेली होती. सोफ्यावर मांडी घालून तिने स्वतःची सगळी बोटं एकेक करून लावली आणि म्हणाली, "आता तुझा अंगठा दे. मी हरवले तर?" "तू हरवलीस तर फोन तुझ्याबरोबरच हरवेल ना गं, वेडाबाई." "लाव ना पण!" तिने लावला. लेकीने त्याखाली नाव टाकलं, आई. गेल्या वर्षी तो फोन बादलीत पडून मेला आणि दुसरा आला, तेव्हाही लेकीने कानात बोळे घातल्या घातल्याच, गाणं न थांबवता, तो तिच्यापुढे धरला होता आणि हनुवटीने खूण केली होती. अंगठा. तिने लावला. इतकं साधं. पहिल्या दिवसांत ती तो फोन लेकीसमोरच उघडायची, वेळापत्रक बघायला, सहलीचे फोटो बघायला, आणि लेक शेजारी बसून दाखवायची, ही बघ, ही माझी मैत्रीण मुंगी, ही सगळ्यांत छोटी आहे म्हणून मुंगी. हे समोर उघडणं कधी बंद झालं? कुणी बंद कर म्हणालं नाही. लेकीच्या खोलीचं दार हळूहळू लागत गेलं तसं तेही मिटलं. आणि मागे राहिला तो शॉवर चालू असताना टेबलावर पडलेला फोन.

पहिल्यांदा तिने तो असा एकटीने उघडला तेव्हा तिला खरोखर काहीतरी बघायचं होतं, बहुधा शिकवणीची वेळ. पण मुंगीशी चाललेलं बोलणं वरच होतं, आणि ते बघून ती खुर्चीवर बसलीच. लेक लिहीत होती. लांब लांब वाक्यं, त्यात विनोद, त्यात नक्कल, त्यात मास्तरांच्या खोकल्याचं वर्णन, आणि मधेच आपल्याला रात्री छातीत कसं धडधडतं याचं इतकं नेमकं वर्णन की आईच्याच छातीत धडधडलं. ही मुलगी घरात होती तर! तिला वाटत होतं ती गेली कुठेतरी. त्या दिवसापासून केस धुवायचे वार तिला पाठ झाले. वाईट काही सापडेल म्हणून ती बघत नव्हती, देवाशपथ नव्हती. भुकेने बघत होती. मुलीचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून. फक्त वाचते, ती स्वतःला सांगायची, कशाला हात लावत नाही. पण ते काही खरं नव्हतं. निळ्या बुटांचं वाचलं तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून निघून चार दुकानं फिरली होती. खोकं उघडून लेक किंचाळली, "तुला कसं कळलं?" आणि ती, काही विचार न करता, ऐटीत म्हणाली, "आईला कळतं." लेकीने तिला ओल्या केसांनीच मिठी मारली. पुढच्या केस धुवायच्या वारी मुंगीला गेलेलं वाक्य तिने वाचलं: माझी आई ना, चेटकीण आहे, चांगलीवाली. ते वाचल्यावर शहाण्या बाईने फोन खाली ठेवला असता आणि पुन्हा कधी उचलला नसता. तिने ते पुन्हा वाचलं, आणि मग पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

ऑफिसात पाऊल टाकलं तर कुलूपकाका तिच्या टेबलाशी उभा. कुलूपकाका म्हणजे सुरक्षा बघणारा नवा अधिकारी. वयाने कोवळा, पण आल्यापासून प्रत्येक गोष्टीला कुलूप लावत सुटला होता म्हणून टोपीने त्याचं हे बारसं केलेलं. टोपी म्हणजे तिच्या शेजारी बसणारा तिचा जुना सहकारी. एसीची हवा डोक्याला लागते म्हणून बारा महिने कानटोपी घालतो. "मॅडम, हे टोकन तुमच्या नावावर आहे," कुलूपकाका म्हणाला. "असेल." "याला वाचायची परवानगी आहे, लिहायची आहे, खोडायची आहे, माणसं आत घ्यायची, बाहेर काढायची, सगळी आहे." "हो." "आणि मुदत?" तिने मुदतीच्या रकान्याकडे पाहिलं. "मुदत नाही," ती म्हणाली. त्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू ती गॅस चालू ठेवून गावाला गेली होती. "आज काढून टाकायला हवं," तो म्हणाला. "आजच. रागावू नका."

ती रागावली नाही. त्याचं बरोबर होतं. त्यांची कंपनी दवाखान्यांना पेशंटच्या वेळा लावून देणारं सॉफ्टवेअर बनवायची. सगळ्यांनी लिहिलेला कोड एका भांडारात ठेवलेला, आणि कुणी त्यात काडीचा जरी बदल केला तरी आपोआप चालणारी कामं जागी व्हायची: एक काम बदल तपासायचं, एक त्याचं गाठोडं बांधायचं, एक ते दवाखान्यांकडे धाडायचं. माणूस लागत नाही याचंच तर कौतुक. पण यंत्राला स्वतःचा म्हणून काही हक्क नसतो. भांडाराच्या दारात त्याला कुणीतरी आपला हक्क उसना द्यायला हवा. टोकन म्हणजे तोच उसना हक्क, अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक अर्थहीन ओळ. ती ज्याच्या खिशात, त्याला दार उघडं, आणि आत तो जे करेल ते टोकन देणाऱ्याच्या नावावर. इतकी वर्षं ही यंत्रं तिच्या नावाने वाचत, लिहीत, खोडत होती. तिला तो दिवसही आठवत होता, टोकन केल्याचा. लेक लहान होती, अंगात कणकण म्हणून शाळेत पाठवली नव्हती. मुलीचे बाबा जहाजावर, नेहमीसारखेच, आणि पोरीला ठेवायला कुणी नाही, म्हणून तिला ऑफिसात आणून शेजारच्या फिरत्या खुर्चीत बसवलं होतं. काम त्याच दिवशी चालू करायचं होतं. पडद्यावर परवानग्यांच्या चौकटींची रांग आली, कुणाला काय लागेल याचा विचार करायला डोकं जागेवर नव्हतं, म्हणून तिने एकीमागून एक सगळ्यांवर बरोबरच्या खुणा केल्या. खुर्चीतून गोल फिरत फिरत लेक थांबली, पडद्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागली. "आई! तुला सगळे बरोबर!"

तिने खुर्ची ओढली आणि कामाला लागली. कीबोर्डवरच्या लांब कळीवर अंगठा पडला की परवाचा इस्त्रीचा चटका हुळहुळायचा. एरवी तिने मलम मागितलं असतं, आज ते हुळहुळणंही तिला शिक्षेचा भाग वाटलं आणि तिने ते तसंच चालू दिलं. प्रत्येक कामासाठी नवं, छोटं टोकन करायचं होतं. टोपी एकेक नाव वाचायचा आणि ती एकच प्रश्न विचारायची, "याला काय लागतं?" तपासणाऱ्या कामाला काय लागतं? वाचायला लागतं, बस. गाठोडं बांधणाऱ्याला? कोड वाचायला आणि गाठोड्यांच्या खोलीत लिहायला. "खोडायला?" "त्याला कशाला खोडायला लागतंय?" "मग काढ." आवृत्तीचा आकडा वाढवणाऱ्याला लिहायला हवं, पण एकाच जागी. चौकटी बहुतेक रिकाम्या राहत होत्या आणि त्या रिकाम्या चौकटींकडे बघून तिला कसंसंच होत होतं. शेवटी मुदत. यादीच्या तळाशी "मुदत नाही" अजूनही होतं, आता त्याच्यापुढे पिवळा त्रिकोण आला होता. मुदत संपली की यंत्र पत्र धाडणार आणि विचारणार, अजून लागतं का? तिला वाटलं, एवढी जर कुणी त्या सोफ्यावर सोय करून ठेवली असती. दरवर्षी वाढदिवसाला एक पत्र. तुमच्या आईला अजून परवानगी आहे. ठेवायची?

"आता जुनं," टोपी म्हणाला. "अजून कोण कोण वापरत असेल ते?" "कुणास ठाऊक. ज्याला जेव्हा अडलं त्याने तेव्हा उचललं." "मग एकच उपाय." "काढायचं, आणि बघायचं कोण ओरडतं." या धंद्यातली ही जुनी रीत. एखादी गोष्ट कोण वापरतं हे कुणालाच माहीत नसेल तर विचारत बसायचं नाही, तारीख-वार बघायचा नाही, ती सरळ बंद करायची आणि कानोसा घ्यायचा. जो ओरडत येईल त्याची ती होती. तिने बटण दाबलं. नक्की? यंत्राने विचारलं. परत आणता येणार नाही. नक्की, तिने सांगितलं. टोकन गेलं. पडद्यावर त्याची ओळ होती तिथे खालची ओळ सरकून आली, आणि त्याच क्षणी तिला टोकन सोडून सकाळचा अंगठा आठवला.

कारण ही रीत लेकीला माहीत होती. तिनेच सांगितली होती. महिन्यापूर्वीचं जेवण, हं आणि बघू यांच्या मधली लांब शांतता, आणि ती भरायला म्हणून तिने ऑफिसातला एक किस्सा काढला होता. टोपीने एक जुनं यंत्र बंद केलं आणि दुपारपर्यंत कुणीच ओरडलं नाही, मग कळलं ते यंत्र नुसतं खोली गरम करत होतं. लेक हसली होती! घास हातात धरून, खरीखुरी हसली होती. "म्हणजे तुम्ही लोक विचारतच नाही?" "कुणाला विचारणार? कोण वापरतंय तेच माहीत नसतं." "आणि कुणी ओरडलंच नाही तर?" "तर ते कुणाला नकोच होतं." "भारी आहे हे," लेक म्हणाली होती आणि ताट उचलून आत गेली होती. भारी आहे हे. आता ते शब्द तिच्या कानात वेगळेच वाजायला लागले. पोरीला संशय आला. निळे बूट, मग पावभर ओल्या खारका कुणी न सांगता आणल्या ते, मग परीक्षेच्या आदल्या दिवशी "भूगोलाचं टेन्शन घेऊ नको" असं जिभेवरून घसरलं ते. भूगोल कुठून आला? लेकीने भूगोलाचा ब्रसुद्धा काढला नव्हता. तेव्हा लेकीने वर बघितलं होतं का? बघितलं होतं. आणि मग एके दिवशी गुपचूप अंगठा काढला, फोन नेहमीच्या जागी ठेवला, आणि शॉवर सोडून आत उभी राहिली. आई ओरडते का बघायला.

ती उठली. पाणी प्यायला गेली, न पिताच परत आली. जुनं टोकन काढून बराच वेळ झाला होता आणि कुणीही ओरडलं नव्हतं. टोपी समाधानाने कानटोपी मागेपुढे करत होता. "बघ, कुणाला नकोच होतं," तो म्हणाला. ती एकदम खेकसली, "असं लगेच कसं म्हणतोस?" तो बघतच राहिला. तिला तिचंच हसू आलं आणि ते ओठांपर्यंत पोचायच्या आत विरलं. ओरडले तर चोर. हे सरळ होतं. मग ओरडू नये. गप्प बसावं, अंगठा कधी नव्हताच असं वागावं, आणि लेकीच्या परीक्षेत निर्दोष सुटावं. हेही सरळ होतं. पण मग त्या परीक्षेचा दुसरा निकाल काय, तोही तिनेच पोरीला पढवला होता. कुणी ओरडलं नाही तर ते कुणाला नकोच होतं. म्हणजे पुढे दिसेल ते असं: लेकीने दार लावलं, महिने गेले, आणि आईने एकदाही कडी वाजवून बघितली नाही. मग सतरा वर्षांची मुलगी यातून काय समजेल? आपली आई सज्जन आहे, की आपल्या आईला आपली पडलेलीच नाही? ती खुर्चीत गोल फिरली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि कुठल्याच बाजूला तोंड करून तिला बसवेना.

तिच्या स्वतःच्या आईला असली कोडी कधी पडली नाहीत. त्यांच्या घरात आतल्या खोलीला कडीच नव्हती. "घरात कडी कशाला? कुणापासून?" आई म्हणायची आणि हातातल्या कामासकट आत घुसायची. दप्तर उपसायची, उशी उचलून बघायची, आणि पकडली गेल्यावर शरमायची तर नाहीच, उलट कमरेवर हात ठेवून विचारायची, "माझ्यापासून काय लपवायचंय?" लपवायचं काहीच नसायचं. तीच तर खरी चीड. एकदा तिने दाराला आतून खुर्ची लावली होती. आईने ढकललं, खुर्ची कोसळली ती आईच्याच पायाच्या बोटावर, आणि आई तिथेच फतकल मारून बसली, बोट धरून कळवळत आणि मधेच हसत. "एवढी मोठी झालीस होय!" म्हणाली. तिला तेव्हा आईची इतकी कीव आली होती की खुर्ची पुन्हा कधी लावली नाही. पण त्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड करून शपथ घेतली होती की आपल्याला मुलगी झाली तर आपण दार वाजवू, आणि ती ये म्हणेपर्यंत बाहेर थांबू. आई निदान उघड घुसायची. पायांचा आवाज करत, बडबडत, हातात ओलं फडकं घेऊन. आपण पाण्याच्या आवाजाच्या आड गेलो, तिला वाटलं, आणि शरमेने तिचे कान खरोखरच तापले.

तेवढ्यात ओरड झाली. खालच्या मजल्यावरची रिसेप्शनवाली धापा टाकत वर आली. "अहो, आमचा पडदा काळा झालाय! बाहेर पाहुणे बसलेत, आणि पडद्यावर काहीच नाही." स्वागतकक्षात भिंतीवर एक मोठा पडदा होता. त्यावर कंपनीच्या सगळ्या कामांपुढे हिरवे ठिपके यायचे आणि वर मोठ्या अक्षरांत असायचं: सगळं सुरळीत आहे. तो कुणी लावला, कुणालाच आठवत नव्हतं. पण ज्याने लावला त्याला भांडारात डोकावायला परवानगी हवी होती आणि त्याने हाताशी होतं ते उचललं. तिचं टोकन. टोपी खो खो हसत सुटला. "म्हणजे इतकी वर्षं तो पडदा पार सगळं भांडार पुसून टाकू शकत होता! नुसतं सुरळीत आहे म्हणायला!" तीही हसली, जरा उशिरा. मग खुर्ची पुढे घेतली. "याला काय लागतं?" टोपीने विचारलं. "बघायला," ती म्हणाली. "फक्त बघायला." एकच चौकट, एकच खूण, मुदत सहा महिने. रिसेप्शनवालीने खालून फोन करून सांगितलं की ठिपके आले. "आधीच सांगितलं असतंत तर?" टोपीने फोनवर विचारलं. रिसेप्शनवालीही टोचून म्हणालीच, "विचारलं असतंत तर आम्ही सांगितलं नसतं का?"

घरी जाताना तिने बस सोडली आणि चालत निघाली. पाय भराभर पडत होते आणि घर जवळ यायला नको होतं. तिने ठरवलं होतं. ओरडायचं. निवाड्याचा भाग नंतर. पण तू दार लावलंस आणि मला कळलं, मी बाहेर होते, चोरासारखी का होईना पण होते, एवढं तरी पोरीच्या कानावर जायला हवं. चोर तर चोर. तिला एकाएकी तो एक दिवस आठवला, गेल्या वर्षीचा, भर मीटिंगमधून ती उगाचच उठून घरी गेली होती तो. कशाला, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. जीव लागेना, एवढंच. दार उघडलं तर लेक बाथरूमच्या कोरड्या फरशीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेली. तिने काही विचारलं नाही. शेजारी फरशीवर बसली, ऑफिसच्या कपड्यांत. बऱ्याच वेळाने लेकीचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. तो दिवस सगळ्यांपेक्षा वेगळा होता, त्यात फोन कुठेच नव्हता, आणि तो तिला जपून ठेवलेल्या दागिन्यासारखा वाटायचा.

लेक टेबलाशी बसून खात होती, एका हाताने चमचा, एका हाताने फोन. "आलीस?" म्हणाली. ती चपला न काढताच समोर बसली. बसल्यावर पाठ केलेलं सगळं विसरली. "माझा अंगठा चालत नाही," ती म्हणाली.

"कशावर?"

"तुझ्या फोनवर."

लेकीने चमचा खाली ठेवला. "मग?"

"तू काढलास ना? काढलास ते बरोबर केलंस. मी काही म्हणत नाही. मला फक्त तुला सांगायचं होतं की मला कळलं. सकाळी कळलं. मी लावून बघितला. मी... बघते, म्हणजे बघत होते. तू आंघोळीला गेलीस की." वाक्यं एकावर एक आपटत होती. "तू ओरड व्हायची वाट बघत असशील तर ही झाली."

"मी काही काढलं नाही, आई," लेक म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता गोंधळ होता, आणि तो खरा होता. तिने फोन पुढे केला. "बघ. आहे." बोटांची यादी होती, आणि तळाशी तिचं नाव, सोफ्यावर टाकलं होतं तसंच. आई. लेकीने टेबलावरून हात लांब करून तिचा अंगठा पकडला, दिव्याकडे वळवला. इस्त्रीच्या चटक्याची त्वचा सोलवटून पांढरी झाली होती, रेषा पार पुसून गेल्या होत्या. "हा चालेलच कसा? हा तुझा राहिलाच नाहीये." ऑफिसातल्या नव्या पोरांना ती रोज ओरडून सांगायची, आधी वायर बघा, मग डोकं चालवा. दिवसभर हुळहुळणारा अंगठा घेऊन ती हिंडली आणि ही साधी गोष्ट तिला शिवली नाही. दार लागलेलंच नव्हतं. उघड्या दारात उभं राहून तिने बोंब मारली होती.

लेकीने तिचा अंगठा सोडला. आता गोंधळ ओसरत होता आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी येत होतं, हळूहळू, एकेक गोष्ट जुळत जावी तसं. "म्हणजे निळे बूट?" तिने विचारलं. आईने मान डोलावली. "भूगोल?" "हो." "तू म्हणालीस आईला कळतं." "हो." "मी मुंगीला सांगितलं होतं. सगळ्यांना सांगितलं होतं मी." लेकीचा आवाज जराही चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आणि त्या दिवशी?" ती म्हणाली. "मी बाथरूममध्ये बसले होते त्या दिवशी. तेही वाचून आलीस?"

"नाही!" ती जवळजवळ उभीच राहिली. "तो दिवस नाही. त्या दिवशी मला काही माहीत नव्हतं, खरंच काही नाही. मी अशीच आले. उगाचच. मला नुसतं वाटलं."

लेक तिच्याकडे बघत राहिली. विश्वास ठेवायचा होता तिला, चेहऱ्यावर दिसत होतं, अगदी जवळ आला होता तो विश्वास. मग तिने मान खाली घातली. "आता मला कसं कळणार?" ती म्हणाली.

लेकीने ताट उचललं, सिंकमध्ये ठेवलं. कपाटातून मलमाची ट्यूब काढून टेबलावर आणून टाकली. "हे लाव," म्हणाली. "आणि बरा झाला की..." ती थांबली. "बरा झाला की विचार मला." मग बाथरूममध्ये गेली आणि दार लावलं. पाणी सुरू झालं. तोंड धूत असेल, किंवा रडत असेल. मलमाचं झाकण एका हाताने उघडताना तिला दिसलं की फोन टेबलावरच राहिला आहे, उताणा, अजून न मिटलेला, त्यावर बोटांची यादी तशीच उघडी. कुलूप लागायला अजून अवकाश होता. विसरली, की ठेवला? तिने पोरीचा चेहरा आठवून बघितला, पाठ आठवून बघितली, आणि तिला काही म्हणजे काही कळलं नाही. पडद्यावर वरच्या बाजूला मुंगीचं काहीतरी आलं. तिने मान भिंतीकडे वळवली, मलमाचा हात मांडीत घट्ट दाबून धरला, आणि पाण्याच्या आवाजाच्या वर, शेजारच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अगं, तुझा फोन इथेच राहिलाय!"

पाणी थांबलं.

"असू दे," आतून आवाज आला.